रुंद पडद्याचे चित्रपट टीव्हीवर काळ्या पट्ट्यांसह का दिसतात?

तिरपा_अँटेना (धागाकर्ते)
आता बहुतेक टीव्ही १६:९ म्हणजे रुंद पडद्याचेच येतात. तरीही चित्रपट लावला की वर-खाली काळ्या पट्ट्या असतातच. डिस्कच्या वेष्टनावर 'वाइडस्क्रीन' छापलेलं असतं, टीव्हीच्या खोक्यावरही तेच, मग या पट्ट्या कशाच्या? तीन प्रश्न आहेत.
१. रुंद टीव्हीवर रुंद चित्रपट पूर्ण का भरत नाही?
२. काही वेळा वर-खालीच नव्हे, चारी बाजूंनी काळी चौकट येते. ते कशामुळे?
३. एकच चित्रपट एका ठिकाणी पट्ट्यांसह आणि दुसरीकडे पूर्ण पडदा भरून दिसतो. यातला 'पूर्ण' चित्रपट कोणता?
जाणकारांनी नेमके आकडे आणि सेटिंग सांगावीत.

रीळवाला
'वाइडस्क्रीन' हे एका मापाचं नाव नाही, सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. १६:९ म्हणजे रुंदी उंचीच्या १.७८ पट. थिएटरसाठीचे चित्रपट मुख्यतः दोन मापांत बनतात: १.८५, ज्याला 'फ्लॅट' म्हणतात, आणि २.३९, ज्याला 'स्कोप' म्हणतात. दोन्ही मापं टीव्हीपेक्षा रुंद आहेत. रुंदी पडद्यात मावेपर्यंत चित्र लहान केलं की उंची कमी पडते आणि उरलेली जागा काळी राहते.

१९२०×१०८० च्या पडद्यावर हिशोब असा:
१.८५ : चित्राची उंची १०३८ ओळी, वर-खाली प्रत्येकी २१ ओळी काळ्या. लक्षातही येत नाही.
२.०० : उंची ९६०, पट्ट्या प्रत्येकी ६०. अलीकडच्या बऱ्याच वेबमालिका या मापात असतात.
२.४० : उंची ८००, पट्ट्या प्रत्येकी १४०.
२.७६ : उंची ६९६, पट्ट्या प्रत्येकी १९२. अल्ट्रा पॅनाव्हिजन ७० या ७० मिमी फिल्मवरच्या अतिरुंद पद्धतीचे मोजके चित्रपट.

पट्टीची जाडी पाहून चित्रपटाचं माप ओळखता येतं. पट्टी हा बिघाड नाही. उलट चित्राची पूर्ण रुंदी तुमच्यापर्यंत पोचल्याची ती खूण आहे.

मोजपट्टी
+१. पडद्यावरच मोजायचं असेल तर साधी टेप घ्या. फक्त उजेड असलेल्या भागाची रुंदी आणि उंची मोजा, रुंदीला उंचीने भागा. १.३३, १.६६, १.७८, १.८५, २.०० किंवा २.३९ यांपैकी कशाच्या तरी जवळ उत्तर आलं तर सगळं ठीक. १.५ किंवा २.१ असं काही भलतंच आलं तर कुठेतरी चित्र ताणलं किंवा कापलं जातंय असा संशय घ्या. अंधारलेल्या दृश्यात मोजू नका, कडा सापडत नाही. दिवसाउजेडी घडणारं मैदान किंवा आकाश असलेलं दृश्य थांबवून मोजा.

सगळं_दिसतंय
पण टीव्ही बनवतानाच २.३९ चा का नाही बनवला? सिनेमावाल्यांचं माप आधीपासून ठरलेलं होतं ना?

रीळवाला
@सगळं_दिसतंय, याचं उत्तर जरा लांबडं आहे, पण मूळ प्रश्नाचा गाभा तोच आहे.

३५ मिमी फिल्मवर प्रत्येक चौकटीला कडेला फिल्म ओढण्यासाठीची चार भोकं, त्यातून १.३३ म्हणजे ४:३ हे माप १८९० च्या दशकात रुळलं. बोलपट आल्यावर ध्वनिपट्टीने फिल्मच्या कडेची जागा घेतली आणि १९३२ मध्ये अमेरिकेत १.३७ हे 'अकॅडमी' माप ठरलं. टीव्ही आला तो सिनेमाच्याच मापात, ४:३ मध्ये. म्हणजे सुरुवातीला दोघांची चौकट जवळपास एकच होती.

मग प्रेक्षक घरी बसू लागले, तेव्हा सिनेमाने घरात न मिळणारं काहीतरी द्यायचं ठरवलं. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने १९५३ मध्ये सिनेमास्कोप आणलं. आंरी क्रेतियाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या भिंगावर ते आधारलेलं होतं. चित्रीकरण करताना भिंग दृश्याला आडवं दुप्पट दाबून नेहमीच्याच ३५ मिमी फिल्मवर बसवायचं, आणि प्रोजेक्टरवरचं भिंग ते पुन्हा दुप्पट पसरवायचं. माप सुरुवातीला २.५५ होतं, फिल्मवर ऑप्टिकल ध्वनिपट्टी आल्यावर २.३५ झालं, आणि १९७० च्या सुमारास प्रोजेक्टरची खिडकी किंचित आखूड केल्यामुळे २.३९. ही उंची कमी करण्याचं कारण म्हणजे निगेटिव्हचे जोड पडद्यावर चमकायचे, ते झाकायचे होते. जुन्या सवयीने लोक अजून 'दोन पस्तीस'च म्हणतात.

म्हणजे सिनेमाचं रुंद माप घडलं तेच मुळी टीव्हीपेक्षा वेगळं दिसावं म्हणून. त्या फारकतीची जागा आपल्या पडद्यावर काळी दिसते.

भूमितीप्रेमी
आणि १६:९ हे मधलं माप आहे. १९८० च्या दशकात एचडी टीव्हीसाठी माप ठरवताना कर्न्स पॉवर्स या अभियंत्याने प्रचलित मापांचे सारख्याच क्षेत्रफळाचे आयत कापले आणि एकमेकांवर मध्य जुळवून ठेवले. सगळ्यांना सामावणारा बाहेरचा आयत आणि सगळ्यांत समान असलेला आतला आयत, दोघांचंही प्रमाण १.७७ च्या आसपास आलं. १.३३ आणि २.३५ यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा, १.७७ येतं.

याचा अर्थ फार छान आहे. १६:९ च्या पडद्यावर ४:३ चा जुना चित्रपट लावला तर २५ टक्के पडदा काळा राहतो. २.३५ चा लावला तर २४ टक्क्यांच्या थोडा वर. दोन्ही टोकांना जवळपास सारखाच तोटा. याहून न्याय्य वाटणी सापडणं कठीण.

आणखी एक गंमत: ४/३ चा वर्ग म्हणजे १६/९. आणि घन म्हणजे ६४/२७, म्हणजे २.३७. 'एकवीस-नऊ' या नावाने विकले जाणारे अतिरुंद पडदे प्रत्यक्षात याच मापाचे, २५६०×१०८० चे असतात.

पडदा_सत्तर
तसे टीव्ही आलेही होते. फिलिप्सने २००९ मध्ये २१:९ चा टीव्ही आणला होता. चालला नाही. बातम्या, खेळ, मालिका सगळं १६:९ मध्ये, तेव्हा बहुतेक वेळ दोन्ही बाजू काळ्या. शिवाय डिस्कवरचा स्कोप चित्रपटसुद्धा १६:९ च्या चौकटीत काळ्या पट्ट्या धरूनच साठवलेला असतो, म्हणजे टीव्हीला मधल्या ८०० ओळी ओढून १०८० कराव्या लागतात. खालच्या पट्टीत छापलेली सबटायटल त्यात कापली जातात ती वेगळीच.

रिमोट_माझा
सगळं पटलं, पण घरच्या मंडळींना पट्ट्या नको असतात. रिमोटवर झूम दाबलं की विषय संपतो. थोडं कडेचं गेलं तर काय बिघडलं?

मोजपट्टी
@रिमोट_माझा, 'थोडं' किती ते बघा. २.३९ चा चित्रपट १.७८ मध्ये भरायचा म्हणजे १.३४ पट मोठा करायचा. रुंदीतला २५.६ टक्के भाग पडद्याबाहेर जातो, दोन्ही बाजूंना जवळपास १३-१३ टक्के. स्कोपमध्ये दोन माणसं समोरासमोर बोलत असतील तर एक डाव्या टोकाला, एक उजव्या टोकाला बसवलेलं असतं. झूममध्ये दोघांची अर्धी तोंडं कापली जातात. आणि ८०० ओळींचं चित्र १०८० ओळींवर ताणल्याने धारही जाते.

फ्रेम_बाय_फ्रेम
जुन्या ४:३ टीव्हीच्या काळात हेच 'पॅन अँड स्कॅन' नावाने व्हायचं आणि तोटा आणखी मोठा होता. २.३५ मधून १.३३ कापलं की ४३ टक्के चित्र जातं. कुठला भाग ठेवायचा ते तंत्रज्ञ ठरवायचा, आणि मूळ चित्रीकरणात कॅमेरा स्थिर असला तरी टीव्हीवर तो सरकताना दिसायचा. दिग्दर्शकाने एका अखंड शॉटमध्ये साधलेला ताण दोन तुकड्यांत मोडायचा. चौकट हा चित्रपटाचा भाग आहे. कविता छापताना ओळींची टोकं कापून कुणी पानात बसवत नाही.

रिमोट_माझा
ठीक, स्कोपचं मान्य. पण २.०० च्या मालिकांना झूम केलं तर?

मोजपट्टी
तिथे ११ टक्के जातं, एकेका बाजूला साडेपाच. डोळ्यांना कमी खुपेल, पण कडेला लिहिलेली पाटी किंवा मोबाइलवरचा संदेश वाचायचा राहू शकतो. निर्णय तुमचा. मात्र 'झूम' ऐवजी 'स्ट्रेच' किंवा 'वाइड' कधीच नको. त्यात काही कापलं जात नाही, पण आकार बिघडतो. ४:३ आडवं ताणलं की माणसं एक तृतीयांश रुंद होतात, स्कोप उभं ताणलं की तितकीच लांबट. ओळखायची सोपी खूण: चाक, घड्याळ, चंद्र, ताटली असं काहीही गोल शोधा. गोल ते गोल दिसलंच पाहिजे.

नवखा_दर्शक
फोरके टीव्ही घेतला की पट्ट्या जातात असं ऐकलं होतं.

रीळवाला
@नवखा_दर्शक, नाही जात. ३८४०×२१६० चं प्रमाणही १६:९ च आहे. ठिपके चौपट झाले, चौकट तीच. २.४० चा चित्रपट तिथे १६०० ओळींचा आणि पट्ट्या प्रत्येकी २८० ओळींच्या. सेंटीमीटरमध्ये पट्टीची जाडी अजिबात बदलत नाही. ५५ इंची टीव्ही साधारण १२२ सेंमी रुंद आणि साडेअडुसष्ट सेंमी उंच असतो. त्यावर स्कोपचं चित्र ५१ सेंमी उंच येतं आणि प्रत्येक पट्टी पावणेनऊ सेंमीची. कर्णाच्या भाषेत ५५ इंची पडद्यावर ५२ इंची चित्र. त्याच टीव्हीवर ४:३ चा चित्रपट मात्र ४५ इंचीच होतो. म्हणून मोठा टीव्ही घेण्याचं खरं समाधान स्कोप पाहणाऱ्याला जास्त मिळतं.

पडदा_सत्तर
थिएटरमध्येही पट्ट्या असतात, फक्त लक्ष जात नाही. डिजिटल प्रतीची पूर्ण चौकट २०४८×१०८०. त्यात फ्लॅट १९९८×१०८० आणि स्कोप २०४८×८५८. काही पडदे स्कोपच्या मापाचे असतात, तिथे फ्लॅट चित्रपटाला बाजूचे काळे पडदे आत सरकतात. काही पडदे फ्लॅटच्या मापाचे असतात, तिथे स्कोपला वर-खाली जागा मोकळी राहते. चांगल्या थिएटरात ती काळ्या मखमली कापडाने झाकतात. ते कापड म्हणजेच आपल्या टीव्हीवरची पट्टी.

काळा_की_करडा
पट्ट्या असण्याचा त्रास नाही, त्या करड्या दिसतात याचा आहे. अंधारात तर फारच.

वायर_जोडणी
@काळा_की_करडा, दोन वेगळी कारणं असू शकतात, आधी कोणतं ते ओळखा.

पहिलं, एलसीडीचा मागचा दिवा. त्यात काळा ठिपका म्हणजे दिव्यासमोर बंद केलेली खिडकी, फटीतून उजेड थोडा येतोच. टीव्हीत 'लोकल डिमिंग', म्हणजे काळ्या भागामागचा दिवा तेवढा मंद करण्याची सोय, असेल तर चालू करा. टीव्हीच्या मागे भिंतीवर ६५०० केल्विनचा मंद पांढरा दिवा लावला की डोळ्यांना पट्टी लगेच काळी भासते. खर्च कमी, फरक मोठा.

दुसरं, सिग्नलची पातळी. व्हिडिओमध्ये काळ्याची किंमत १६ आणि पांढऱ्याची २३५ असते, संगणकात ० ते २५५. प्लेअर १६-२३५ पाठवतोय आणि टीव्ही ०-२५५ समजतोय असं झालं की १६ हा करडा दिसतो. यात पट्टीच नव्हे, सगळं चित्र धुतल्यासारखं फिकं असतं, हीच ओळख. उलट चुकलं तर सावल्यांमधले तपशील काळ्यात बुडतात. टीव्हीत 'एचडीएमआय ब्लॅक लेव्हल' किंवा 'डायनॅमिक रेंज' अशा नावाचं सेटिंग असतं. प्लेअर आणि टीव्ही दोन्हीकडे एकच ठेवा. प्लेअर आणि सेटटॉप बॉक्ससाठी 'लिमिटेड' (१६-२३५), संगणकासाठी दोन्हीकडे 'फुल' (०-२५५).

नवखा_दर्शक
ओलेड पडद्यावर पट्ट्यांचा डाग पडतो का?

वायर_जोडणी
पट्टीतले ठिपके बंद असतात, त्यामुळे ते जळत नाहीत, उलट कमी झिजतात. कुणी हजारो तास फक्त स्कोपच पाहिलं तर मधला भाग जास्त झिजून पूर्ण पांढऱ्या पडद्यावर पुसटशी सीमा दिसू शकेल. जुन्या प्लाझ्मा टीव्हीत ४:३ च्या बाजूंना करड्या पट्ट्या देत ते याचसाठी, झीज सारखी व्हावी म्हणून. मिश्र वापरात काळजी नको. वाहिनीचं कायम चमकणारं बोधचिन्ह आणि बातम्यांची तळपट्टी यांचा धोका जास्त.

तिरपा_अँटेना
सर्वांचे आभार, पहिला प्रश्न पूर्ण सुटला. चारी बाजूंच्या चौकटीचं कुणी सांगेल का?

वायर_जोडणी
ही मात्र खरी चूक असते, आणि बहुतेकदा दुरुस्त होते. चित्राला दोनदा पट्ट्या लागलेल्या असतात. आधी स्कोप चित्रपट ४:३ मध्ये बसवताना वर-खाली, मग ते ४:३ चित्र १६:९ मध्ये बसवताना डावी-उजवीकडे.

या क्रमाने तपासा.
सेटटॉप बॉक्स किंवा प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा प्रकार ४:३ राहिलाय का ते आधी पाहा. तो १६:९ करा. डीव्हीडी प्लेअरमध्ये '४:३ लेटरबॉक्स' (वर-खाली पट्ट्या लावून), '४:३ पॅन-स्कॅन' (बाजू कापून) आणि '१६:९' असे पर्याय असतात, तिसरा निवडा. निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात.
मग टीव्हीचं चित्रमाप '१६:९' किंवा 'ओरिजिनल' वर ठेवा आणि ओव्हरस्कॅन बंद करा. एलजीमध्ये त्याला 'जस्ट स्कॅन' म्हणतात, सॅमसंगमध्ये 'फिट टू स्क्रीन', सोनीमध्ये 'फुल पिक्सेल'. जुन्या नळीच्या टीव्हीत कडा ओबडधोबड असायच्या म्हणून चित्राचा काही भाग कडेखाली लपवत. ती सवय सपाट टीव्हीतही उतरली. ती चालू असेल तर कडेचा भाग विनाकारण कापला जातो, आणि १.८५ ची बारीक पट्टी दिसतच नाही.
एवढं करूनही चौकट राहिली तर दोष डिस्कमध्ये किंवा फाइलमध्येच आहे.

फ्रेम_बाय_फ्रेम
जुन्या डीव्हीडींत हे हमखास. चांगल्या डिस्कवर चित्र आडवं दाबून साठवतात आणि टीव्ही ते पसरवतो, त्याला 'अॅनामॉर्फिक' म्हणतात. तसं नसेल तर ४:३ चौकटीतच पट्ट्या भाजलेल्या असतात. पॅल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) डीव्हीडीच्या ५७६ ओळींपैकी २.३५ च्या चित्राला अॅनामॉर्फिकमध्ये ४३६ ओळी मिळतात, साध्या लेटरबॉक्समध्ये फक्त ३२७. अशा डिस्कला टीव्हीचं झूम वापरणं पूर्ण योग्य आहे, कारण तिथे झूम फक्त काळी चौकट कापतं, चित्र नाही. @रिमोट_माझा, झूमच्या बटणाचं खरं काम हे.

क्रॉपकर
फाइल असेल तर व्हीएलसीमध्ये 'सी' कळ दाबत राहा, क्रॉपची मापं बदलत जातात. 'ए' कळ आकाराचं प्रमाण बदलते, तिचा गोंधळ करू नका. काही जणांना फाइलमधून पट्ट्या कायमच्या कापायच्या असतात. एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरचा क्रॉपडिटेक्ट फिल्टर माप शोधून देतो: रुंदी १९२०, उंची ८००, डावीकडून ०, वरून १४०. आकडे सम ठेवा, कारण रंगाची माहिती दोन-दोन ठिपक्यांच्या जोडीने साठवलेली असते.

पण जागा वाचेल म्हणून हे करू नका. सपाट काळा भाग कॉम्प्रेशनमध्ये जवळजवळ फुकट जातो, आणि पुन्हा एन्कोड केल्याने चित्राचा दर्जा मात्र नक्की घसरतो. हँडब्रेक हे व्हिडिओ रूपांतराचं सॉफ्टवेअर मोजक्याच चौकटी तपासून आपोआप कापतं, त्यामुळे त्या चौकटी अंधाऱ्या निघाल्या तर भलतंच माप धरू शकतं.

पडदा_सत्तर
आणि आयमॅक्स दृश्यं असलेले चित्रपट तर अजिबात कापू नयेत. डिजिटल आयमॅक्सचं माप १.९०, मोठ्या फिल्मचं १.४३. अशा काही चित्रपटांच्या घरगुती डिस्कवर साधी दृश्यं २.३९ मध्ये पट्ट्यांसह आणि आयमॅक्सची दृश्यं १.७८ मध्ये पूर्ण पडदाभर असतात. पट्ट्या मध्येच नाहीशा होतात तो बिघाड नव्हे. स्कोपच्या मापाने कापलंत तर सर्वांत भव्य दृश्यांचंच वर-खालचं चित्र जातं.

भिंतभर_चित्र
प्रोजेक्टरवाल्यांसाठी: २.३५ चा पडदा लावला तर उंची स्थिर ठेवून स्कोप रुंद होतं, थिएटरसारखं. लेन्स मेमरी असलेल्या प्रोजेक्टरमध्ये स्कोपसाठी एक आणि १६:९ साठी एक अशी झूमची दोन मापं साठवा. पट्ट्या पडद्याच्या वर-खाली भिंतीवर पडतात, म्हणून तिथे गडद मॅट रंग किंवा काळं मखमल हवं. सबटायटल वर सरकवता येणारा प्लेअर निवडा, नाहीतर ओळ भिंतीवर वाचावी लागते.

नवखा_दर्शक
वाचनखूण साठवली. मोबाइलवरही हेच गणित का?

भूमितीप्रेमी
हो, फक्त उलट बाजूने. २०:९ चा पडदा म्हणजे २.२२. त्यावर १६:९ च्या चित्राला डावी-उजवीकडे पट्ट्या, आणि २.३९ ला तरीही वर-खाली बारीक पट्ट्या. दोन बोटांनी ताणून भरलं की कापलं जाणारच.

तिरपा_अँटेना
तिसरा प्रश्न राहिलाय. पट्ट्या असलेली आणि नसलेली प्रत, 'पूर्ण' कोणती?

फ्रेम_बाय_फ्रेम
दोन्ही प्रतींतला तोच क्षण थांबवून शेजारी-शेजारी ठेवा आणि आधी कडा पाहा.

पट्ट्या नसलेल्या प्रतीत डावी-उजवीकडचं काही कमी असेल तर ती कापलेली प्रत. वाहिन्यांवर असं नेहमी होतं, आणि त्याला घरून इलाज नाही. दुसरी प्रत शोधा.

बाजू तितक्याच पण वर-खाली जास्त दिसत असेल तर ती 'ओपन मॅट'. सुपर ३५ पद्धतीत किंवा साध्या भिंगाने फिल्मची पूर्ण उंची चित्रित होते आणि थिएटरसाठी मधली पट्टी निवडतात. ओपन मॅटमध्ये झाकलेला भागही उघडा पडतो. चित्र जास्त आहे म्हणून ते अधिक खरं ठरत नाही. डोक्यांवर रिकामी जागा राहते, कधी माइकची दांडी दिसते, आणि विशेष दृश्यपरिणाम थिएटरच्या मापातच बनवलेले असले तर ते शॉट तेवढे बाजूंनी कापलेले निघतात. छायाचित्रणकाराने रचलेली चौकट पट्ट्यांच्या आतली असते, त्यामुळे माझं मत ठाम त्याच प्रतीला.

रीळवाला
सहमत. अपवाद एवढाच की दिग्दर्शकाने स्वतः घरगुती प्रतीसाठी वेगळं माप मंजूर केलेलं असू शकतं. मूळ प्रदर्शनाचं माप डिस्कच्या मागे लिहिलेलं असतं, ते वाचा.

तिरपा_अँटेना
बॉक्सचं सेटिंग ४:३ वरच होतं. ते १६:९ केल्यावर चौकट गेली, आता फक्त वर-खाली पट्ट्या. टेपने मोजलं: ११० सेंमी रुंद, ४६ उंच, म्हणजे २.३९. एका जुन्या युरोपीय चित्रपटाला मात्र अजून डावी-उजवीकडे बारीक पट्ट्या आहेत, साधारण साडेतीन सेंमीच्या. तेही सेटिंगच का?

मोजपट्टी
नाही. ते १.६६ असणार. युरोपात ते माप बरंच चालायचं. १९२० पैकी १७९३ ठिपके चित्राचे, बाजूंना प्रत्येकी ६३. तुमच्या पडद्यावर ते साडेतीन सेंमीच भरतं. हात लावू नका, बरोबर आहे.